पंखा बंद केला की ऐकू येणारी शिट्टी

विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आईच्या हातून स्टीलची पळी ओट्यावर पडली आणि मी दोन्ही कान दाबून खालीच बसले. एरवी आमच्या घरात कुकरचं झाकण पडलं तरी कुणी मान वळवत नाही. आईला वाटलं, हिला चक्कर आली. मला वाटलं, कुणीतरी कानात दाभण घातलं. त्याच रात्री लाइट गेले, पंखा थांबला आणि उजव्या कानात एक बारीक, एकसुरी शिट्टी वाजते आहे हे लक्षात आलं. आधी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर संशय घेतला. मग उशी उचलून गच्चीवर गेले, तर शिट्टीही जिना चढून वर आली.

पुण्यातल्या एका पथकात मी अकरा वर्षं ताशा वाजवते आहे. ढोलवाल्यांची कंबर जाते, ताशावाल्यांचे कान जातात, असं आमच्यात हसत हसत म्हणतात. मिरवणूक झाली की कानाला दडे बसणार, दोन दिवस सगळे पाण्याखालून बोलल्यासारखे वाटणार आणि मग आपोआप मोकळं होणार, हे दरवर्षीचंच. या वेळी दडे गेले, पण शिट्टी मागे राहिली.

आठवड्याभरानं कानाच्या डॉक्टरांकडे गेले. ऑडिओमेट्री झाली. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि बारीकसा 'टुई' आवाज आला की बटण दाबायचं. शेवटी हातात आलेख येतो, कुठल्या उंचीच्या सुराला किती ऐकू येतं याचा; ती उंची हर्ट्झमध्ये मोजतात. माझ्या डाव्या कानाची रेघ बऱ्यापैकी सपाट होती. उजव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झला खड्ड्यात पडून ८००० ला पुन्हा वर आलेली. डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "काय वाजवता?" मी काही सांगितलंच नव्हतं. तो खड्डाच सांगत होता.

मला मात्र हिशोब लागेना. कागद म्हणतो, या कानाला कमी ऐकू येतं. रात्र म्हणते, या कानाला नसलेलंही ऐकू येतं. आणि पळी म्हणते, असलेलं सहन होत नाही. एकाच कानाचे हे तीन जबाब एकमेकांशी जुळत कसे नाहीत? पुढे वाचत गेले तसं कळलं की हे त्रांगडं जुनंच आहे. १८०१ च्या जूनमध्ये तीस वर्षांच्या बेथोव्हेननं आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, पत्र लिहिलं, त्यात तिन्ही गोष्टी आहेत. नाटकगृहात नटांचं बोलणं समजायला वाद्यवृंदाला खेटून बसावं लागतं, कान रात्रंदिवस घोंगावतात आणि कुणी ओरडलं तर असह्य होतं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजले आहेत, त्यात कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड अशी दोन वेगळी नावं आहेत. म्हणजे शिट्टीची तक्रार घेऊन माणसं फार पूर्वीपासून वैद्याच्या दारात उभी आहेत.

हे तीन जबाब जुळवायचे तर कानाच्या आत शिरावं लागतं. शाळेत आपण पडद्यापर्यंत आणि त्यामागच्या हातोडी, ऐरण, रिकीब या तीन हाडांपर्यंत पोहोचतो आणि घंटा वाजते. खरी गोष्ट तिथून पुढे आहे. रिकीब एका इवल्याशा खिडकीवर दट्ट्यासारखी आत-बाहेर होते. त्या खिडकीमागे कवटीच्या हाडात, वाटाण्याएवढ्या जागेत, गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. हीच कॉक्लिया. ती द्रवानं भरलेली असते आणि उलगडून सरळ केली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरते. तिच्या लांबीभर एक पातळ पट्टी ताणलेली असते. खिडकीजवळ ती अरुंद आणि ताठ असते, टोकाकडे रुंद आणि सैल. त्यामुळे बारीक, वरचे सूर दारातच पट्टी हलवतात आणि खर्जातले सूर आतल्या टोकापर्यंत जाऊन हलवतात. पट्टीवरून धावणारी ही लाट गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञानं दाखवून दिली. त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. पेटी उघडून आतल्या सुरांची ओळ पाहिली असेल, तर चित्र डोळ्यांसमोर येईल. कुठल्या सुराची जागा कुठे, हे ठरलेलं असतं.

या पट्टीवर केसपेशी बसलेल्या असतात. नाव फसवं आहे, कानातल्या केसांशी त्यांचा संबंध नाही. पेशीच्या डोक्यावर सूक्ष्म तंतूंचा झुबका असतो, तो वाकला की पेशीतून विजेचा इशारा निघतो. आतल्या बाजूला एक रांग असते, साधारण ३५०० पेशींची. बाहेरच्या बाजूला तीन रांगा, मिळून सुमारे १२,०००. एका कानाचं आयुष्यभराचं भांडवल म्हणजे ही साडेपंधरा हजारांची पुंजी. एखाद्या मध्यम गावच्या जत्रेला याहून जास्त माणसं जमतात. आणि माणसात ही पेशी एकदा मेली की नवी उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते, हे १९८० च्या दशकात कळलं. सस्तन प्राण्यांनी ही सोय कुठे गमावली आणि ती परत कशी आणायची, यावर तेव्हापासून प्रयोगशाळा झटताहेत. एका अमेरिकी कंपनीचं त्यासाठीचं औषध २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत फोल ठरलं. "कानाच्या नसा परत जिवंत करू" अशी जाहिरात दिसली, तर पाकीट खिशातच ठेवावं.

दोन प्रकारच्या रांगांची कामं निराळी आहेत आणि सगळी गोम इथेच आहे. मेंदूला ऐकवण्याचं काम आतली रांग करते. श्रवणनसेतले जवळपास ३०,००० धागे मुख्यतः तिलाच जोडलेले असतात. बाहेरच्या तीन रांगा मेंदूला फारसं काही सांगत नाहीत, त्या नाचतात. आवाज आला की या पेशी सेकंदाला हजारो वेळा आखूड-लांब होतात आणि पट्टीला झोके देतात. हळू आवाजाला हा धक्का जास्त मिळतो, मोठ्या आवाजाला जवळजवळ नाही. थोडक्यात, बाहेरच्या रांगा म्हणजे कानातला ॲम्प्लिफायर, आणि तोही शहाणा: कुजबुज वाढवणारा आणि गोंगाट आहे तसा सोडणारा. हा नाच इतका खरा असतो की त्याचा प्रतिध्वनी कानाबाहेर येतो. डेव्हिड केम्प या इंग्रज संशोधकानं १९७८ मध्ये माणसाच्या कानातून बाहेर पडणारा हा आवाज माइकनं टिपला. आज नवजात बाळाच्या कानात बोळ्यासारखी छोटी नळी घालून जी तपासणी करतात, ती हाच आवाज शोधत असते.

कर्कश आवाजानं आधी मरतात त्या या नाचणाऱ्या पेशी. त्या गेल्यावर काय होतं, हे मी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी घरात पाहिलं होतं. बाबांनी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर तीस वर्षं काढली. आमच्या घरातला रोजचा संवाद असा:

"बाबा, चहा टाकू?"

"काय?"

"चहा टाकू का?"

"काय म्हणतेस?"

"चहाऽऽ!"

"अगं ओरडतेस कशाला! बहिरा नाहीये मी."

आम्ही हसायचो. आई म्हणायची, यांना हवं तेवढंच ऐकू येतं. खरं तर दोन्ही वेळा बाबा खरंच सांगत होते. ॲम्प्लिफायर गेला की हळू आवाज उंबरठ्याच्या आत येतच नाहीत. पण मोठ्या आवाजाला त्याची मदत मुळात लागतच नव्हती, तो पूर्वीइतकाच मोठा पोहोचतो. ऐकू न येणं आणि कानठळ्या बसणं यांच्यामध्ये निरोगी कानाला ऐसपैस मोकळी जागा असते. ती आक्रसून बोळ होते. दोन पायऱ्या चढलं की थेट गच्ची. डॉक्टरी भाषेत याला 'रिक्रूटमेंट' म्हणतात. असा माणूस घरात असेल तर मोठ्यानं बोलू नये. समोर येऊन, चेहरा दिसेल असं, सावकाश बोलावं. आम्हाला हे वीस वर्षं उशिरा समजलं.

आता तो ४००० चा खड्डा. बाहेरच्या कानाची नळी ही एक छोटी बासरीच आहे. तिच्या लांबीमुळे ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिच्यात आपोआप घुमून मोठा होतो, आणि पट्टीवर सर्वाधिक मार बसतो तो त्याच्या जरा वरच्या सुराच्या जागी. म्हणून कारखाना असो, बंदूक असो की ताशा, गोंगाटानं बिघडलेल्या कानाचा पहिला खड्डा ३००० ते ६००० च्या टप्प्यात पडतो. बोलण्यातली 'स', 'श', 'फ' ही हवेची व्यंजनं याच उंचीवर राहतात. त्यामुळे बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. भाजीवाल्यानं साठ सांगितलं की बाबांना आठ ऐकू येतं, आणि आठाला दोन जुड्या मिळाल्या या आनंदात ते पिशवी पुढे करतात.

किती आवाज म्हणजे जास्त? डेसिबलचा जिना सरळ नसतो, इथेच बहुतेकांची गल्लत होते. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दहापट. म्हणून ६० ची साधी गप्पाटप्पा आणि १०० ची मिरवणूक यांच्या ऊर्जेत फरक दहा हजारपट असतो. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेची, 'नायोश'ची, शिफारस अशी की ८५ डेसिबल रोज आठ तास चालतील, पण पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा. १०० ला उरतात पंधरा मिनिटं. आपल्या कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबल आठ तास चालतात. त्या अमेरिकी मोजमापानं ते अडीच तासांत संपायला हवेत. बाबांची तीस वर्षं या फरकात बसतात.

पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचे विद्यार्थी दरवर्षी विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतात आणि आकडे शंभरच्या घरात निघतात. ते चौकातले. वादकाचा कान ताशापासून हातभर लांब असतो, आणि शेजारी दुसरा ताशा असतो. माझ्या उजव्या हाताला सगळी वर्षं दुसरा ताशा होता. उजवाच कान का गेला, याचं उत्तर बहुधा तेवढंच. बरं, मिरवणूक एक दिवसाची, सराव दोन महिन्यांचा. नदीपात्रात रोज संध्याकाळी दोन तास. डीजेच्या भिंती वाईट आणि पारंपरिक वाद्यं चांगली, असा वाद दरवर्षी वर्तमानपत्रांत रंगतो. मी त्यात हिरिरीनं एक बाजू घेतलेली आहे. केसपेशीला परंपरा कळत नाही.

फटाक्याची गोष्ट थोडी निराळी. मोठा आवाज आला की रिकिबीला जोडलेला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि आवाज थोडा अडवतो. पण त्याला आखडायला जो क्षण लागतो, तेवढ्यात सुतळी बॉम्ब आत पोहोचून काम उरकलेलं असतं. फटाक्यांची कायदेशीर मर्यादा, १२५ डेसिबल, फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर मोजतात. चाळीतला व्हरांडा चार मीटर रुंद कुठे असतो?

आणि आवाजाशिवायही हे घडतं. जेंटामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन या गटातली इंजेक्शनं आणि सिस्प्लाटिन हे कॅन्सरवरचं औषध, ही सगळी केसपेशी मारू शकतात. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर पूर्वी महिनोन्‌महिने ही इंजेक्शनं चालत आणि रुग्ण टीबीतून उठून शिट्टी घेऊन घरी जात. आता त्या जागी तोंडानं घ्यायच्या गोळ्या आल्या आहेत. अशी इंजेक्शनं चालू असताना कान वाजायला लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना सांगायचं. स्वतःच्या मनानं बंद मात्र करायची नाहीत.

आता दडे. "दोन दिवसांत मोकळे झाले" यावर आम्ही अकरा वर्षं विसंबलो. २००९ मध्ये बोस्टनच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. कान बधिर झाले आणि दोनेक आठवड्यांत पूर्ववत झाले. तपासणीत पास, केसपेशीही जागच्या जागी. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर वरच्या सुरांच्या भागात आतल्या रांगेचे नसेशी असलेले जवळजवळ निम्मे सांधे तुटलेले होते, आणि ते परत जुळले नाहीत. शांत खोलीतली 'टुई' ऐकायला उरलेले सांधे पुरतात. लग्नाच्या मांडवात शेजारच्याचं बोलणं निवडून काढायला ते पुरत नाहीत. जिवंत माणसाच्या कानात हे सांधे मोजता येत नाहीत, त्यामुळे माणसात नेमकं किती नुकसान होतं यावर वाद आहे. माझ्यापुरतं मी दड्यांना 'विश्रांती मागणारा कान' समजणं सोडून दिलं आहे. दडे म्हणजे आलेलं बिल.

एवढं होऊनही शिट्टीचा उलगडा झालेला नाही. पेशी मेली, सांधा तुटला, तर तिथे शांतता हवी. शिट्टी कोण वाजवतं?

मलाही आधी वाटायचं की शिट्टी कानात वाजते. पण श्रवणनसेजवळच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत ज्यांची ती नसच कापावी लागली, अशा अनेकांची शिट्टी कायम राहिली, काहींची वाढली. वायर तोडल्यावरही स्पीकर वाजतो, म्हणजे आवाज वायरीतून येत नव्हता. तो मेंदूतून येतो.

जुना व्हॉल्व्हचा किंवा ट्रान्झिस्टरचा रेडिओ आठवा. पाऊस आहे, स्टेशन अस्पष्ट लागतंय, म्हणून आजोबा आवाजाची कळ पिळत जातात. स्टेशन तर मोठं होतंच, पण त्याबरोबर रेडिओची स्वतःची खरखरही मोठी होते. तेवढ्यात स्टेशन अचानक स्पष्ट लागतं आणि सनईचा पहिला सूर घरभर असा फुटतो की झोपलेलं पोर दचकून रडायला लागतं. नसेकडून येणारा इशारा मंदावला की मेंदूतली ऐकण्याची केंद्रं अशीच आपली कळ पिळतात. एरवीही नसांमध्ये थोडी खुसफुस चालूच असते, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. कळ पिळल्यावर ती खुसफुसच शिट्टी म्हणून ऐकू येते. आणि जे आवाज कानातून नीट पोहोचतात, ते त्या वाढलेल्या कळीमुळे अंगावर येतात. पळी दाभणासारखी लागते ती यामुळे. शिट्टीची उंचीही साधारण त्या खड्ड्याच्या टप्प्यातली असते. हात कापल्यावरही नसलेली बोटं दुखतात, त्याच जातीची ही गोष्ट. माझे तीन जबाब इथे एका ओळीत आले: कानानं देणं कमी केलं, म्हणून मेंदूनं मागणं वाढवलं.

या मांडणीनं सगळं सुटत नाही, हेही सांगायला हवं. बाबांचे कान माझ्यापेक्षा कितीतरी वाईट, पण त्यांना शिट्टी नाही. कळ कुणाची पिळली जाते आणि कुणाची नाही, हे अजून उलगडलेलं नाही. मेंदूचा हात यात आहे याची एक खूण मात्र घरबसल्या सापडते. शिट्टी असेल तर दात घट्ट आवळून किंवा मान एका बाजूला ताणून बघा. अनेकांची शिट्टी क्षणभर चढते, उतरते किंवा सूर बदलते. जबड्याच्या आणि मानेच्या नसांचे धागे मेंदूच्या बुंध्यात ऐकण्याच्या पहिल्याच ठाण्यावर येऊन मिळतात, म्हणून. मला ही खोड लागली तेव्हा आई विचारायची, "दात दुखतोय का गं?"

आणि मुळात शांतता म्हणून आपण जे समजतो ते तरी काय? १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगले कान असलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांत ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू यायला लागलं: गुणगुण, शिट्टी, रातकिडे. म्हणजे खुसफुस सगळ्यांकडे आहे. आजारी पडतो तो माणूस ज्याला ती रात्री दोन वाजता सापडते आणि मग सोडत नाही.

हा धागा पावेल यास्त्रेबॉफ या मूळच्या पोलिश शास्त्रज्ञानं १९९० मध्ये पकडला. शिट्टी किती मोठी आहे यावर त्रास ठरत नाही, मेंदू तिला काय समजतो यावर ठरतो. फ्रिजची घरघर मेंदूनं 'बिनकामाची' म्हणून खाती टाकलेली असते, म्हणून ती दिवसभर असून नसते. शिट्टीवर मात्र पहिल्या रात्रीच 'धोका' असा शिक्का बसतो. मग मेंदू पहारेकऱ्यासारखा दर पाच मिनिटांनी डोकावतो, आहे का अजून? असते. छाती धडधडते, झोप उडते, झोप उडाल्यानं शिट्टी आणखी ठळक होते. पहिले दोन महिने मी या रहाटगाडग्यावर होते.

आणि त्या दोन महिन्यांत मी नेमकी चुकीची गोष्ट केली. घरात कानात फोमचे बोळे घालून वावरले. भांडी घासताना बोळे, रिक्षात बोळे, रात्री झोपतानाही बोळे. वाटायचं, जखमी कानाला विश्रांती. २००३ मध्ये क्रेग फॉर्म्बी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांवर हाच प्रयोग केला होता. काहींनी दोन आठवडे बोळे घातले, काहींनी मंद खरखर वाजवणारं यंत्र कानात ठेवलं. बोळेवाल्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटायला लागले, खरखरवाल्यांना कमी. रेडिओ आठवला की कारण दिसतं: बोळ्यानं इशारा आणखी मंदावतो, मेंदू कळ आणखी पिळतो. बोळा नदीपात्रात हवा होता, आणि मी तो स्वयंपाकघरात घातला.

उपचार म्हणजे ही कळ हळूहळू सैल करणं. सगळ्यात साधी गोष्ट, संपूर्ण शांतता टाळायची. रात्री पंखा, पावसाचं रेकॉर्डिंग, हळू तंबोरा, काहीही; शिट्टी झाकण्याइतकं मोठं नाही, तिच्याशेजारी बसेल इतपत. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, कारण मेंदूला हवा असलेला इशारा परत मिळाला की पुष्कळांची शिट्टी मागे सरते. त्रास मनात रुतला असेल तर सीबीटी, म्हणजे विचारांना वळण लावणारी समुपदेशनाची पद्धत. आजवर सगळ्यात भक्कम पुरावा तिच्याच बाजूनं आहे. तिनं शिट्टी जात नाही, शिट्टीची सत्ता जाते. शिट्टी घालवणारी गोळी आजमितीला नाही. गिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच लिहून ठेवलं आहे. आणि कोमट तेल: आजीच्या हातचं असलं तरी ते पडद्याशी थांबतं. कॉक्लिया पडद्याच्या पलीकडे, हाडात बंद. 'कानात तेल घालून ऐक' हे वाक्प्रचार म्हणूनच ठीक आहे.

आवाज सहन न होण्यातही प्रकार असतात आणि ते एकाच मापानं मोजू नयेत. कुणाला आवाज फक्त मोठा वाटतो. कुणाला शेजारच्याचं मचमच खाणं ऐकून संताप येतो, ती निराळीच भानगड, कानाच्या बिघाडाशी तिचा संबंध असेलच असं नाही. काहींना मात्र खरोखर दुखतं, आवाज थांबल्यावरही तासन्‌तास ठणकत राहतं. बाहेरच्या केसपेशींना एक वेगळ्या जातीचा नसधागा जोडलेला असतो, तो ऐकण्याच्या कामी फारसा येत नाही. २०१५ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की जवळच्या पेशी फाटल्या की तो पेटून उठतो. कानाची दुखरी नस ती हीच, अशी शंका आहे. अशा दुखणाऱ्या माणसाला "सवय कर, होईल" म्हणून मांडवात ओढून नेऊ नये. त्याची पायरी पायरीनं वाढ जाणत्या ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे श्रवणतज्ज्ञाच्या, देखरेखीतच व्हायला हवी.

काही शिट्ट्या थांबून राहायच्या नसतात. झोपेतून उठलात आणि एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर 'मळ असेल' म्हणत आठवडा घालवू नका. त्यावरचे स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांत चांगले लागू पडतात, दोन आठवड्यांनंतर फारसे नाही. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप येत असेल, एकाच बाजूला असेल, सोबत भोवळ असेल किंवा चेहरा वाकडा झाला असेल, तरी त्याच दिवशी दाखवा. यातल्या बहुतेकांचं काही गंभीर निघत नाही, पण गाठ किंवा रक्तवाहिनीचा दोष असेल तर तो शोधून काढावा लागतो.

माझी शिट्टी आहे. आत्ता लिहिताना विचारलं तर आहे, ओळीत गुंतले की नसते. पळी पडली तर दचकते, पण खाली बसत नाही. ताशा सोडला नाही, त्याबद्दल आईशी अबोला झाला आणि संपला. आता मी वादकांसाठीचे फिल्टरचे बोळे घालते. ते सगळे सूर सारखेच पंधराएक डेसिबलनं खाली आणतात. साधा फोमचा बोळा वरचे सूर जास्त खातो, मग ताशा पत्र्याच्या डब्यावर गादी टाकल्यासारखा बद्द लागतो आणि पोरं तो काढून खिशात घालतात. पण तोही काहीच नसण्यापेक्षा फार बरा. कापसाचा नव्हे, त्यानं आवाज फारसा अडत नाही.

यंदा सरावाला एक सोळा वर्षांची मुलगी आली आहे, तिचा हात माझ्याहून चांगला. पहिल्या दिवशी तिला फोमच्या बोळ्यांची जोडी दिली. बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हातानं कान वर ओढ, आत सरकव, फुगेपर्यंत धरून ठेव. तिनं केलं. पहिला ठेका पडला तशी ती वैतागून माझ्याकडे वळली, "ताई, काहीच कळत नाहीये!" मी म्हटलं, चार दिवस दे, हात आपोआप शोधतो. मी काय म्हणाले ते ऐकायला तिनं एक बोळा काढला. मी पुन्हा सांगितलं नाही, ताशाच्या काडीच्या टोकानं तिच्या कानाकडे खूण केली. परत घाल.